बारा ते तीन

कडकमावशीला हे नाव कपड्यांना घालायच्या खळीमुळे पडलं की तिच्या जिभेमुळे, यावर लॉन्ड्रीतल्या बायकांचं कधी एकमत झालं नाही. खुद्द तिला विचारलं तर ती म्हणायची, "खळ पहिल्या धुण्यात निघून जाते. माझं तसं नाही." सव्वीस वर्षं ती एकाच टेबलाशी उभी राहून इस्त्री करत होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यातले कोट, सभागृहांचे टेबलक्लॉथ आणि समारंभात खुर्च्यांवर चढवतात ती झालरीची कव्हरं. या शेवटच्या प्रकाराबद्दल तिचं मत फार वाईट होतं. खुर्चीला झगा घालायची बुद्धी ज्याला पहिल्यांदा झाली त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा, एवढीच तिची इच्छा होती.

लॉन्ड्री म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक खोली. एका टोकाला धुलाईची यंत्रं, दुसऱ्या टोकाला चादरी दाबायचा मोठा रोलर, आणि मध्ये इस्त्रीची टेबलं. सगळ्या मिळून आठ बायका. खिडक्या दोन, त्यांतल्या एकीसमोर मालकानं कपाट आणून ठेवलेलं. पूर्वीही तिथं गरम व्हायचंच. इस्त्रीच्या कामात गारवा मिळेल असं कुणी कबूल केलेलं नव्हतं. पण पूर्वी उन्हाळा यायचा आणि जायचा. गेल्या सहा-सात वर्षांत त्यानं मुक्कामच ठोकला. दोन महिन्यांचा उकाडा पाच महिन्यांचा झाला, पत्रा रात्रीसुद्धा निवेना, आणि सकाळी कुलूप काढलं की आदल्या दिवशीची धग दारातच अंगावर यायची.

हे बायकांना कुठल्या अहवालातून कळलं नाही. कपाळावरचा घाम पांढऱ्या चादरीवर पडला आणि त्यावरून इस्त्री फिरली की पिवळट डाग उमटतो, आणि ती चादर पुन्हा धुवायला टाकावी लागते. असे डाग पूर्वी महिन्याला दोन-चार पडायचे. ते दिवसाला दहा-बारा पडायला लागले तेव्हा कडकमावशी म्हणाली, "हवामान खात्याला म्हणावं, उगाच आभाळात काय बघताय, आमच्या चादरी मोजा." मग सगळ्या जणी कपाळाला टॉवेल बांधून काम करू लागल्या.

दोन वर्षांपूर्वी रोलरवरची बाई उभ्या उभ्या खाली कोसळली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं, तर "चादर चुरगळली का?" ते ऐकून कडकमावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक मालकाच्या खोलीत गेली. तिथं एसी होता. मालकासमोरच्या खुर्चीत ती ऐसपैस बसली आणि म्हणाली, "भांडायला नाही आले. थोडं गार व्हायला आले. उद्यापासून बारा ते तीन आम्ही आठही जणी इथंच येऊन बसणार. अंगाला वास येतो आमच्या, तेवढं चालवून घ्या."

मालकानं अर्ध्या तासात नियम केला. काम पहाटे पाचला सुरू, बारा ते तीन इस्त्र्या बंद, तीनला पुन्हा चालू. फक्त स्वतःची अब्रू राखायला त्यानं नियमाला एक शेपूट जोडलं. "अर्जंट काम सोडून."

त्या शेपटाला कडकमावशीनं दोन वर्षं हलू दिलं नाही. मालक दारातून "अर्जंट आहे" म्हणायचा आणि ती आतून "तीननंतर" म्हणायची. लग्न असो, कुठल्या मंत्र्याचा दौरा असो, उत्तर तेच. बाराच्या ठोक्याला ती स्वतः जाऊन मेन स्विच खाली ओढायची, आणि सगळ्या जणी मागच्या दारातल्या सावलीत पाय पसरून बसायच्या. तिची धाकटी जाऊ शेजारच्याच टेबलावर काम करायची. ती म्हणायची, "जाऊबाई, तुमच्या आयुष्याचं चीज झालं. माणसाला स्वर्ग मिळतो, तुम्ही सावली मिळवलीत." ही धाकटी बडबडी होती, पण तिचा हात इतका हलका की झालरीच्या चुण्या तिच्याच टेबलावर द्यायच्या, असं ठरून गेलं होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना संस्थेच्या बाई आल्या. त्यांची संस्था हवामान बदलाबद्दल काम करायची, म्हणजे त्याबद्दल कार्यक्रम करायची. बायकांच्या कहाण्या त्यांच्याच शब्दांत गोळा करायच्या, असा त्यांचा उपक्रम होता. दर वाक्याला त्या "अरेरे" म्हणायच्या, म्हणून पहिल्या दहा मिनिटांतच लॉन्ड्रीनं त्यांचं नाव अरेरेबाई ठेवलं.

अरेरेबाईंनी वही उघडली. "तुमच्याकडे पूर आला होता का?"

"नाही."

"घर सोडून यावं लागलं?"

"घर मागच्या गल्लीत आहे. दुपारी जेवायला जाते."

"मग तुम्ही नेमकं काय गमावलंत?" अरेरेबाईंचा चेहरा पडत चालला होता. एवढ्या उकाड्यात आलो आणि हातात एक बुडालेली शेळीसुद्धा नाही, असं त्यांना झालं असावं.

"काय गमावलं ते सांगू? रडणं गमावलं," कडकमावशी म्हणाली. "डोळ्यांत यायला अंगात पाणी उरतंय कुठं?"

हे ती थट्टेनं म्हणाली होती. पण अरेरेबाईंनी "अरेरे, अरेरे" करत ते वाक्य लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. आपलं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय हे कडकमावशीनं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. तिला ते आवडलं. इतरांच्या मूर्खपणावर आपण हसतो तेव्हा आपला मूर्खपणा शेजारी उभा असतो, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

आठवड्यानं निरोप आला. मोठ्या सभागृहात कार्यक्रम, पाच बायका मंचावर, प्रमुख पाहुण्यांच्या रांगेत. प्रत्येकीला तीन मिनिटं. अरेरेबाईंनी भाषणही लिहून पाठवलं होतं. तिची कहाणी, तिच्या शब्दांत, पण लिहिलेली यांनी. सुरुवात होती, "मी निसर्गाची लेक." कडकमावशीनं ते धाकटीला वाचून दाखवलं. धाकटी इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. "निसर्गाची लेक! मग सासूबाईंना काय सांगायचं, माहेर बदललं म्हणून?"

कडकमावशीही हसली. पण घरी जाऊन तिनं ठेवणीतली साडी काढली, तिला स्वतःच्या हातानं खळ घातली, आणि आरशासमोर तीन मिनिटं बोलून पाहिलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाराला दहा मिनिटं असताना मालकानं तिला खोलीत बोलावलं. त्यानं आधी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिथंच तिनं सावध व्हायला हवं होतं. तो म्हणाला, "तुझ्याच कार्यक्रमाचं काम आहे. दुसरीकडून आणलेली कव्हरं चुरगळलेली निघाली. तीनशे खुर्च्या आणि मंचावरचा लांब टेबलक्लॉथ. उद्या सकाळी द्यायचंय. तीननंतर सुरू केलं तर निम्मी होतील. मी जबरदस्ती करत नाही. तू म्हणशील तसं."

दोन वर्षांत मालकानं तिला पहिल्यांदाच विचारलं होतं. एरवी तो सांगायचा आणि ती नाही म्हणायची. आता नाही म्हणायला समोर काही नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर सभागृह आलं. ती मंचावर, खळीच्या साडीत, आणि समोर निम्म्या खुर्च्या झग्यात, निम्म्या उघड्या. सव्वीस वर्षं ज्या कव्हरांना तिनं नावं ठेवली, त्यांच्याविना आपली शोभा जाईल असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं.

"करतो आम्ही," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिनं बायकांना सांगितलं, "मालक ऐकत नाही. अर्जंट आहे म्हणतो." हे धडधडीत खोटं होतं, आणि कुणाला शंकासुद्धा आली नाही. कडकमावशी आपल्याशी खोटं बोलेल असं वाटायचं कुणाला काही कारण नव्हतं. धाकटी तर मालकाच्या नावानं बोटं मोडत, पुन्हा कपाळाला टॉवेल बांधून, टेबलाशी उभी राहिली.

बारा ते तीन तिथं काय होतं, हे बायका दोन वर्षांत विसरल्या होत्या. पत्रा तडतडत होता. पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता. दोनच्या सुमाराला धाकटीनं बोलणं बंद केलं. कडकमावशीनं वळून पाहिलं. धाकटीचं कपाळ कोरडं ठणठणीत होतं. टॉवेलसुद्धा सुकलेला. समोर मंचावरचा टेबलक्लॉथ, पांढराशुभ्र, त्यावर घामाचा एक थेंब नाही.

"वा," कडकमावशी म्हणाली, "आज तुझ्या टेबलावर एक डाग नाही बघ."

भर उन्हाळ्यात, इस्त्रीच्या वाफेत, माणसाचा घाम थांबला तर पळत सुटायचं असतं. हे तिला माहीत होतं. रोलरवरची बाई पडली तेव्हा डॉक्टरांनी आठही जणींना समोर उभं करून सांगितलं होतं. पण घाम म्हणजे डाग आणि डाग म्हणजे पुन्हा धुणं, हे सव्वीस वर्षं हातात भिनलेलं. कोरडं कपाळ दिसलं आणि तिला चांगलं काम दिसलं.

पाचेक मिनिटांनी धाकटी काही न बोलता खाली बसली, आणि मग आडवी झाली. इस्त्री टेबलक्लॉथवर पालथी राहिली. जळका वास आला तेव्हा कुठे बाकीच्यांनी मागं पाहिलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बर्फाच्या पिशव्या लावल्या, नळ्या जोडल्या, आणि कडकमावशीला विचारलं, "इतका वेळ कुणी बघत नव्हतं का?" संध्याकाळी धाकटीनं डोळे उघडले. दीर तिच्या उशाशी बसला, आणि कडकमावशी लॉन्ड्रीत परत आली, कारण काम अर्धवट होतं. आता सोडलं तर तिचं पडणंही फुकट गेलं, अशी काहीतरी समजूत तिनं स्वतःची घातली. असल्या समजुती वेळेला बऱ्या सापडतात.

टेबलक्लॉथवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग होता. तेवढ्या लांबीचं दुसरं कापड नव्हतं. पण डाग लपवणं ही इस्त्रीवाल्या बाईची पहिली विद्या. कापड फिरवायचं, डाग मागच्या बाजूला घ्यायचा, पाहुण्यांना फक्त समोरची बाजू दिसेल अशी घडी घालायची. मागच्या बाजूला कोण बघतं? तिनं घडी घातली, वर खडूनं बाण काढला, समोर कुठली बाजू येईल ते लिहिलं, आणि गठ्ठा गाडीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सभागृह एवढं गार होतं की पहिल्या रांगेतल्या बायकांनी शाली पांघरल्या. तीनशे खुर्च्या झग्यांत नटून बसल्या होत्या. कडकमावशी मंचावर आपल्या जागी बसली, साडी सारखी केली, आणि खाली पाहिलं. तिच्या गुडघ्यांना टेकून तो तपकिरी डाग होता.

सव्वीस वर्षं तिनं डाग मागच्या बाजूला लपवले. मागच्या बाजूला बसायची वेळ आपल्यावर येईल, हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

प्रमुख पाहुण्यांनी वाढत्या तापमानावर चाळीस मिनिटं भाषण केलं आणि मध्येच एसी जरा कमी करायला सांगितला. मग बायका बोलू लागल्या. एकीची वस्ती दोनदा पाण्याखाली गेली होती. ती धाकट्या मुलाबद्दल सांगू लागली आणि घंटा वाजली. तीन मिनिटं संपली होती. ती वाक्य अर्धवट टाकून खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरीची विहीर खारी झाली होती. घंटा. टाळ्या. घंटा वाजवणारी मुलगी मात्र वेळेची फार पक्की होती.

कडकमावशी उठली. कागद तिच्या हातात होता. तिनं तो टेबलावर ठेवला आणि टेबलक्लॉथ दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढला. पाण्याच्या बाटल्या लवंडल्या, फुलदाणी प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर गेली. तिनं डागाची बाजू लोकांसमोर धरली.

"ही काल दुपारी दोन वाजता माझी जाऊ पडली त्याची खूण आहे," ती म्हणाली. "तुमच्या खुर्च्यांना झगे घालताना पडली. बारा ते तीन आमच्याकडे काम बंद असतं. काल चालू राहिलं, कारण मी हो म्हटलं. मालकानं मला विचारलं होतं, जबरदस्ती केली नव्हती. मला इथं मिरवायचं होतं. बायकांना मी खोटं सांगितलं. आणि ती पडायच्या आधी तिचं कपाळ कोरडं पाहून मी तिला शाबासकी दिली."

पहिल्या रांगेत मालक बसला होता. सहयोगाबद्दल मिळालेली छोटी कुंडी त्याच्या हातात होती.

"मालक, चूक माझी आहे. पण ते अर्जंटचं शेपूट तुमचं आहे. ते कापा. इथंच कापा, सगळ्यांसमोर."

मालकानं कुंडी सांभाळत हात जोडले आणि छान हसला. घंटा वाजली. आणि मग टाळ्या. लोक उभे राहिले. झग्यातल्या खुर्च्या मागं ढकलून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. अरेरेबाईंनी डोळे पुसत तिला मिठी मारली. "अरेरे, किती प्रभावी! तो कपडा आम्हाला प्रदर्शनासाठी द्याल?"

चार दिवसांनी व्हिडिओ आला. दीड मिनिटाचा, मागं बासरी. त्यात कडकमावशी टेबलक्लॉथ ओढते, डाग दाखवते, जाऊ पडली म्हणते, आणि एकदम मालकाला "सगळ्यांसमोर कापा" म्हणते. मधलं सगळं गायब. मी हो म्हटलं, मी खोटं सांगितलं, शाबासकी, काही नाही. कबुलीमुळे संदेश विस्कळीत होत होता, असं अरेरेबाईंनी फोनवर समजावून सांगितलं.

लॉन्ड्रीतल्या बायकांनी तो व्हिडिओ दहा वेळा पाहिला. त्यांच्यातली एकही सभागृहात नव्हती, सगळ्या कामावर होत्या. "मावशी, काय तासलंत मालकाला!" म्हणून त्यांनी तिची पाठ थोपटली. मालक तर खूश होता, कारण व्हिडिओच्या शेवटी त्याचे आभार मानले होते. आता कडकमावशीनं नुसतं गप्प राहायचं होतं. इतक्या स्वस्तात सुटका कुणाची होत नाही. आणि सुटका हवीशी वाटत होती, हे तिचं तिला कळत होतं, म्हणून ती तीन दिवस धाकटीकडे फिरकली नाही. भाजी, फळं दिराच्या हाती पाठवत राहिली.

चौथ्या दिवशी बाराला पाच मिनिटं असताना मालक दारात आला. "अर्जंट आहे. संस्थेचाच समारोप आहे, संध्याकाळी पाचला. दोनशे कव्हरं. अगं, तुझ्याच लोकांचं काम!"

कडकमावशीनं इस्त्री उभी केली, भिंतीशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला. रोलर घरघरत थांबला.

"माझे लोक आठ होते," ती म्हणाली. "आता सात आहेत. त्यांना सांगा, चुरगळलेल्या खुर्च्यांवर बसा. पृथ्वी एवढी तापलीये, बूड टेकायला चुण्या कशाला हव्यात?"

नंतर कळलं की समारोप उघड्या खुर्च्यांवर झाला. अरेरेबाईंनी माइकवर जाहीर केलं की पर्यावरणाचा विचार करून यंदा साधेपणा पाळला आहे. त्यालाही टाळ्या पडल्या.

पण ते नंतरचं. त्या दुपारी बाकीच्या जणी सावलीत बसल्या आणि कडकमावशी मागच्या गल्लीतून धाकटीच्या घरी गेली.

धाकटी खाटेवर बसली होती. खिडकीला ओली चादर टांगलेली. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि थरथरत होता. दवाखान्यातून आल्यापासून तो तसाच होता. कप धरता येत नव्हता. इस्त्रीजवळ पुन्हा उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी कडकमावशीला पाहून तिचा चेहरा फुलला.

"या, निसर्गाची लेक! इतके दिवस कुठं होतात? शेजारणींना दाखवून दाखवून फोन तापला माझा. मालकाच्या तोंडावर बोललात, फार बरं वाटलं हो मला. पडल्याचं काहीतरी झालं."

तिनं डाव्या हातानं फोन पुढं केला. कडकमावशीनं तो घेतला आणि खाटेवर पालथा ठेवला.

"ह्यात थोडं कापलंय," ती म्हणाली. "मालकानं जबरदस्ती केली नव्हती. त्यानं मला विचारलं, मी हो म्हटलं. मला तिथं मिरवायचं होतं. तुम्हाला सगळ्यांना खोटं सांगितलं. आणि तुझा घाम थांबला होता तो मला दिसला होता. मी म्हटलं, एक डाग नाही."

सभागृहात हेच शब्द तिच्या तोंडून सरळ आले होते. इथं एकेक ओढून काढावा लागला. धाकटीनं पालथा फोन उशीखाली सरकवला.

"हे तुम्ही तिथं सांगितलंत?" तिनं विचारलं. "एवढ्या लोकांसमोर?"

"सांगितलं."

"मला आधी नाही सांगितलंत."

"नाही."

"मग ते लोक काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या."

धाकटीनं मांडीवरच्या थरथरत्या हाताकडे पाहिलं. मग डाव्या हातानं तो घट्ट दाबून धरला.

"मी नाही वाजवणार," ती म्हणाली, आणि आडवी होऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

ऊठ म्हणून कुणी म्हटलं नाही, बस म्हणूनही कुणी म्हटलं नाही. कडकमावशी तीन वाजेपर्यंत तिथंच बसून राहिली.